बाल्कनीतली औषधी झाडं, महिना चौदावा: अडुळशाचा रस एकदाचा निघाला

मंडळी, मागची नोंद मार्चमध्ये टाकली होती, त्यानंतर अख्खा उन्हाळा गेला आणि पावसाळाही निम्मा सरला, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच साठलंय. मागच्या जूनमध्ये ११ कुंड्यांवर सुरुवात केली होती, आज ७ आहेत. वेखंड दोनदा लावलं, दोन्ही वेळा कुजलं. पुदिना एप्रिलच्या उन्हात गेला. पण ज्या सात आहेत त्यातल्या प्रत्येकीचं पान घरात कुणाच्या ना कुणाच्या पोटात गेलंय किंवा अंगाला लागलंय, आणि ते सगळं वहीत आहे. तारीख, कुणाला काय होत होतं, काय दिलं, किती दिलं, फरक कधी पडला, पडला का नाही. ही वही ठेवायला लागल्यापासून माझं औषध देणं निम्म्यावर आलंय आणि मला ते फार बरं वाटतं.

आधी अडुळसा, कारण यावेळी सगळा जीव त्यातच होता.

काडी मी आत्याकडून कराडहून आणली होती. तिच्याकडे बांधाला कुंपण म्हणून लावलाय, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून. इकडे बाल्कनीत १४ इंची कुंडीत लावला तर आता माझ्या खांद्याला लागतोय, फेब्रुवारीत फुलंही आली होती, पांढरी आणि आत घशात जांभळट रेघा. झाड झकास, पण रस काही निघेना. मिक्सरला लावला, पाट्यावर वाटला, पाणी न घालता निघायचा तो नुसता हिरवा चोथा, फडक्यात पिळला तर बोटं हिरवी व्हायची आणि वाटीत चार थेंब. पाणी घातलं की मग आपण नक्की रस किती दिला याचा काही हिशोबच राहत नाही.

जुलैत आत्या चार दिवस राहायला आली आणि मला खलबत्त्यात पानं ठेचताना बघून म्हणाली, "अगं असा कच्चा कुठं रस देतोय तो, त्याला आधी वाफवायला लागतंय." तिच्या लहानपणी केळीच्या पानात अडुळशाची पानं गुंडाळून वरून चिखल लिंपायचे आणि चुलीच्या निखाऱ्यात पुरायचे म्हणे. ह्यालाच आयुर्वेदात पुटपाक म्हणतात, हे मी वाचलेलं होतं पण कुठल्या पानांना तो का लागतो हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. निखारे काही आमच्याकडे नाहीत, तर इडलीपात्र घेतलं. १२ पानं, जून पण पिवळी नाही अशी, धुवून केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधली आणि १० मिनिटं वाफवली. उघडल्यावर पानं काळपट आणि मऊ झालेली, गरम आहेत तोवरच मलमलच्या फडक्यात घालून पिळली आणि रस अक्षरशः धारेनं आला! गडद, काळसर हिरवा, वास उग्र. मोजला तर चार छोटे चमचे. वर्षभर ज्याच्यासाठी धडपडत होते ते दहा मिनिटांत झालं, मी आत्याच्या पायाच पडले.

त्याच आठवड्यात ह्यांना खोकला झाला, छातीत कफ सुटत नव्हता, ताप नाही. दिवसातून दोनदा दोन छोटे चमचे रस, थंड झाल्यावर त्यात चमचाभर मध. वहीतली नोंद अशी: पहिला दिवस काही नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून कफ सुटायला लागला, चौथ्या दिवशी रात्री सलग झोप. आता हे अडुळशानंच झालं की खोकला आपला आपण उतरणीला लागला होता हे एका माणसावरून कसं सांगणार, म्हणून मी पुढे "बहुतेक" असं लिहून ठेवलंय. पण अडुळशात दम आहे हे नक्की, कारण त्यातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावर काम करता करताच ब्रोमहेक्सिन तयार झालं, कफ पातळ करायच्या सिरपमध्ये असतं ते.

आणि ज्यात दम असतो ते जपून वापरायचं. अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, त्यामुळे दिवस गेलेल्या बाईला अजिबात नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, कितीही शुद्ध असला तरी. माझ्या वहीत पहिल्या पानावर लाल पेनानं हे दोन्ही लिहिलंय. खोकला दोन आठवड्यांवर गेला, दम लागला किंवा रक्त पडलं तर कुंडीकडे जायचंच नाही, सरळ डॉक्टर.

आता गुळवेल, आणि ही नोंद नीट वाचा. एका नर्सरीतून मी मागच्या वर्षी गुळवेल म्हणून रोप आणलं होतं, जोरात वाढलं, बदामासारखी पानं, ग्रिलवर सगळीकडे पसरलेलं. जानेवारीत दोनदा काढा करून मी स्वतः घेतला. जुलैत आत्या तिच्या कडुलिंबावरच्या गुळवेलीचा तुकडा घेऊन आली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तिच्या खोडाची साल कागदासारखी पातळ, नखानं सोलली की आत हिरवंगार, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. माझ्या वेलीच्या खोडावर मात्र चामखिळीसारखे खडबडीत फुगवटे, अगदी दाट. ही गुळवेलीची बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, असं माझं मत झालं. आपली गुळवेल ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पानं लांबून इतकी सारखी दिसतात की खोड बघितल्याशिवाय कळतच नाही.

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे चालू होते, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या काही पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती. तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वेल नीट ओळखलेली नाही, क्रिस्पासारखी दुसरी जात असू शकते. त्या वादात मी पडत नाही. पण चूक वेल माझ्याच ग्रिलवर होती आणि मी तिचा काढा प्यायले होते, हे काही विसरता येत नाहीये. यकृताची तपासणी करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल आला. वेल मुळासकट काढून टाकली. आत्यानं आणलेला तुकडा लावलाय, तिचं एक नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी, आणि खरोखर आठव्या दिवशी कोंब! तिचं खोड अंगठ्याएवढं होईपर्यंत हात लावणार नाही, आणि लावला तरी ज्यांना यकृताचा किंवा रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा आजार आहे त्यांना माझ्या हातनं मिळणार नाही.

ह्याच धसक्यानं बाकीच्या कुंड्याही तपासल्या. "ब्राह्मी" म्हणून घेतलेली गोल पानांची निघाली मंडूकपर्णी, म्हणजे आपला कारिवणा. खऱ्या ब्राह्मीची पानं बारीक आणि मांसल असतात. पाटी बदलली.

गवती चहाचं काही सांगायला नको, तो आपला वाढतोच. पावसाच्या सुरुवातीला गड्डा फोडून तीन कुंड्या केल्या, दोन शेजारी दिल्या. पात कापताना कात्रीच घ्या, हातानं ओढली की बोट चिरतं.

पानओवा सर्दीला. खरं म्हणजे नाक चोंदल्यावर मला पानापेक्षा डब्यातला ओवाच जास्त उपयोगी पडला. चमचाभर ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचा, सुती रुमालात पुरचुंडी बांधायची आणि हुंगत राहायचं. वहीत सहा नोंदी आहेत, सहाही वेळा नाक तासभर तरी मोकळं. पानांची भजी होतात, ती औषध म्हणून नाही पण आमच्या घरात सगळ्यात जास्त पानं त्यातच जातात.

कोरफड फक्त भाजल्या-खरचटल्यावर वरून. पान कापलं की अर्धा तास उभं ठेवते म्हणजे तो पिवळा चीक गळून जातो, मग गर काढते. त्या चिकानं कुणाकुणाच्या कातडीची आग होते, आणि पोटात गेला तर जुलाब.

निर्गुडीच्या तीन काड्या लावल्यात, सासऱ्यांच्या गुडघ्याला पाला गरम करून शेकायला. दोन वाळल्या, तिसरीला काल बारीक फुटवा दिसला. ती मोठं झुडूप होते, मग कुंडीत कुणी टिकवली असेल तर कुंडी केवढी घेतली आणि छाटणी कधी करता ते सांगा, रविवारी माती बदलायची आहे.