खवळलेल्या समुद्रातला झोपेचा हिशेब

मी तरुणपणी शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर शिकलो, हे नागपुरातील महाविद्यालयीन मुलांना कळले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा लाटांच्या उंचीचा असतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वाढलेल्या मुलांना हे कुतूहल असणारच. त्यांना मी सांगतो, की सागरी हवामानाच्या अंदाजात लाटांची जी उंची दिलेली असते ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे चार मीटरचा अंदाज असताना एखादी लाट सात मीटरपेक्षा उंचही येऊ शकते. पण अशा समुद्रात विद्यार्थ्याचा दिवस ज्या गोष्टीभोवती फिरतो, त्या झोपेविषयी मला अजून कुणी विचारलेले नाही.

भारतीय नौदलाची ‘तरंगिणी’ ११ नोव्हेंबर १९९७ रोजी सेवेत दाखल झाली आणि ‘सुदर्शिनी’ २०१२ मध्ये. तीन डोलकाठ्यांची ही दोन्ही जहाजे गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली, दोन्हींचा तळ कोची येथे आहे, आणि ‘तरंगिणी’ने २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही केली. इंजिनांच्या युगात शिडे कशासाठी, असे अनेकांना वाटते. माझे मत असे, की वारा आणि पाणी जहाजाशी कसे वागतात हे पुस्तकातून समजते खरे, पण शिडाचा दोर हातात ताणला गेल्यावर ते जसे कळते तसे अन्य कोणत्याही मार्गाने कळत नाही.

अशाच एका जहाजावर, पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही अरबी समुद्रात होतो. तीस नॉटच्या वर, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटरहून अधिक वेगाने वारा वाहू लागला, तेव्हा सर्वांत वरची शिडे आधी गुंडाळली गेली, कारण उंचावर पकडलेला वारा जहाजाला सर्वाधिक कलंडवतो. तरीही सगळी शिडे सहसा उतरवत नाहीत. शिडांवर वाऱ्याचा दाब असला की जहाज एका बाजूला कललेले राहते, पण त्याचे दोन्हीकडे हेलकावणे बरेच कमी होते. त्यामुळे आमचे सारे जगणे त्या उतारावर चालले होते. बंकच्या कडेला कापड ताणून बांधले नाही तर झोपलेला माणूस खाली पडे. ताटाखाली ओले फडके अंथरले नाही तर ताट घसरत जाई. स्वयंपाकी त्या दिवसांत घट्ट खिचडीच करीत, आणि ती पोटात टिकणे हीच मोठी गोष्ट वाटे.

सुरुवातीला बहुतेकांना समुद्र लागतो. खाली केबिनमध्ये डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात आणि आतला कान मात्र हालचाल नोंदवत असतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणूनच आजारी मुलाला अंथरुणात न ठेवता डेकवर आणून क्षितिजाकडे पाहायला सांगत, शक्य असेल तर सुकाणूच हाती देत. बाहेरच्या माणसाला हे कठोर वाटेल. मला ते शहाणपणाचे वाटते, कारण शरीर दोन-तीन दिवसांत सरावते आणि तोवर मनाला काम लागते.

आता झोप. जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या पाळ्यांमध्ये, विभागलेला असतो, आणि संध्याकाळी चार ते आठचा वॉच दोन-दोन तासांत तोडतात. त्यामुळे दिवसाचे सात भाग होतात आणि आलटून पालटून काम करणाऱ्या तीन गटांपैकी कोणत्याही एकाच्या वाट्याला मध्यरात्रीचीच पाळी रोज येत नाही. या साध्या विषम संख्येत जहाजाची सारी न्यायबुद्धी आहे, असे मी मानतो. वादळी हवेत सर्वांना एकदम बोलावले जाते, ओले कपडे वाळत नाहीत, आणि सलग तीन तासांची झोप मिळाली तरी ती चैन वाटते. अशा वेळी पाळी बदलायला दहा मिनिटे उशिरा येणारा माणूस दुसऱ्याची दहा मिनिटांची झोप घेतो. शिवाय अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून उठवणारा लाल प्रकाशाचा टॉर्च वापरतो आणि येणारा थोडा आधीच डेकवर येऊन उभा राहतो. वेळेवर येणे हा तिथे शिष्टाचार नसतो. ज्याच्या जागी आपण उभे राहणार त्याच्या थकव्याची ती जाण असते. धैर्य लागते हे खरे, पण न झोपलेल्या धैर्यवान माणसाची गाठ सुटते, आणि त्या सुटलेल्या गाठीचा धोका वर चढलेल्या सहकाऱ्याला असतो.

शिक्षण यातही थांबत नाही. रोजची जर्नल लिहावी लागते, आणि ढग फाटले की सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे साधन घेऊन दुपारच्या सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची अंशांतली उंची, मोजावा लागतो. लाटांत क्षितिज तुटक दिसते, म्हणून जहाज लाटेच्या माथ्यावर येईपर्यंत थांबायचे असते. मोजमापात अंशाचा साठावा भाग चुकला तरी स्थान एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, चुकते. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे जवळपास आपला अक्षांश. नागपूरच्या गच्चीवरून तो सुमारे एकवीस अंशांवर दिसतो आणि कोचीच्या समुद्रात दहा अंशांवर उतरलेला असतो. भूगोलाच्या तासाला पाठ केलेले हे वाक्य मला तिथे समजले.

हल्ली मुलीही हे प्रश्न विचारतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. ‘तारिणी’ या सुमारे सतरा मीटर लांबीच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच गेल्या. दोघींत पाळ्या लावायच्या म्हणजे झोपेचा हिशेब आमच्यापेक्षा किती कडक असेल, याचा विचार केला तरी आदर वाटतो.

ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांनी आधी पोहणे पक्के करावे, आणि बोलाइन व क्लोव्ह हिच या गाठी अंधाऱ्या खोलीत, ओल्या दोराने, झोपेतून उठल्या उठल्या बांधून पाहाव्यात.