चौथ्या आठवड्याचा डबा

सकाळी साडेनऊला सिक्वेन्सिंगची, म्हणजे पोटातल्या जंतूंचा डीएनए वाचल्याची फाइल आली आणि पुढचा अर्धा तास आमच्या लॅबमध्ये नुसता आनंदीआनंद होता.

जून महिना होता. शांघायमध्ये या दिवसांतल्या पावसाला मेइयू म्हणतात, म्हणजे प्लमचा पाऊस. ती फळं पिकायला येतात तेव्हा तो लागतो. भिंतींना ओल, टॉवेल वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी. मी चिपळूणची, मला त्याचं काय कौतुक! पण इथल्या बायका ही ओल अंगातही शिरते असं मानतात. तिला त्या ‘शी’ म्हणतात. अंग जड वाटू लागलं, जिभेवर पांढरा थर आला, पोट साफ होईना, की अंगात शी वाढली. मग यीरेन आणि लाल कडधान्य उकळून त्याचं पाणी प्यायचं. यीरेन म्हणजे कसई. आपल्याकडे रानात उगवते आणि तिच्या बियांचे मणी ओवतात तीच, फक्त इथे मऊ टरफलाची जात खाण्यासाठी पेरतात.

आमचा प्रयोग छोटासाच होता. एका वसाहतीतले मधुमेह असलेले ज्येष्ठ रहिवासी, रोज एक डबा तयार पेज, आठ आठवडे. आणि त्याने पोटातले जंतू बदलतात का ते बघायला ठरलेल्या दिवशी विष्ठेच्या नमुन्याचा एक डबा आमच्याकडे. पेजेत कसई, ओट्स, कुट्टू, दोन-तीन कडधान्यं, कमळाचं बी, सुकी चिनी बोरं आणि शानयाओ. हे शानयाओ आपल्या कोनफळाच्या कुळातलं; सोलताना हाताला तशीच खाज सुटते. शिवाय वेगळ्या पुडीत कारल्याची भुकटी. चिनी वैद्यक यातल्या एकेका जिनसाचं काम सांगतं: शानयाओ प्लीहेला बळ देतं, कसई ओल काढते, कारलं उष्णता उतरवतं. जंतूंना प्लीहा कळत नाही. त्यांना कळतं ते लहान आतड्यात न पचता त्यांच्यापर्यंत पोचलेलं पिष्ट आणि तंतू. त्यावर जगणारे जंतू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच.

तर त्या फाइलमध्ये एका आयींचे तीन ठिपके होते. (चिनीत आयी म्हणजे मावशी. पहिले काही महिने मला तो शब्द तोंडातून काढताना गंमत वाटायची.) आलेखावर ज्यांचे जंतू सारखे ते ठिपके जवळ, वेगळे ते लांब. आयींचा सुरुवातीचा आणि दुसऱ्या आठवड्याचा ठिपका गळ्यात गळा घालून बसलेले. चौथ्या आठवड्याचा मात्र आलेखाच्या पार दुसऱ्या टोकाला. बिफिडोबॅक्टेरियमसारखे चांगले जंतू भरपूर, सूज वाढवणारी मंडळी जवळजवळ गायब. आमचे लाओबान, म्हणजे गाइड (इथे विद्यार्थी गाइडला सरळ ‘मालक’ म्हणतात), खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर येऊन बसले.

त्यांचा विश्वास बसणं साहजिक होतं. याच शहरातल्या जियाओ तोंग विद्यापीठात झाओ लिपिंग यांनी हा विषय स्वतःच्या पोटापासून सुरू केला होता. २००६ मध्ये ते आंबवलेलं शानयाओ आणि कारलं अख्ख्या धान्यांबरोबर खाऊ लागले. दोन वर्षांत वजन २० किलोंनी उतरलं आणि आधी चाचणीत सापडतही नसलेला फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा सूज कमी करणारा जंतू १४.५ टक्क्यांवर गेला. पुढे त्यांच्या गटाने १७४.८ किलो वजनाच्या एका तरुणाला असाच आहार दिला. त्याच्या पोटातल्या जंतूंपैकी ३५ टक्के एकट्या एंटेरोबॅक्टर या गटाचे होते. २३ आठवड्यांत त्याचं ५१.४ किलो वजन घटलं आणि तो गट दिसेनासा झाला. २०१२ मध्ये हे छापून आलं. अशा गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या लॅबमध्ये एक ठिपका उडून पलीकडे गेला तर लोक टाळ्याच वाजवणार.

मला मात्र तो ठिपका जरा जास्तच छान वाटला. आईने केलेली भाकरी आणि दुकानातली भाकरी यांत जो फरक कळतो, तसंच काहीतरी. आहार बदलला की कुठले जंतू किती, हे प्रमाण चार दिवसांतही हलतं. पण घरातली माणसं तीच राहतात. प्रत्येकाच्या पोटात एकाच जातीचे आपापले खास वाण असतात आणि ते चिवट असतात. २०१३ मध्ये अमेरिकेत ३७ निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की पाच वर्षांनीही साधारण ६० टक्के वाण तेच सापडावेत. मी आयींचे वाण ताडून पाहिले. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात एकही जुळेना. चार आठवड्यांच्या पेजेने अख्खं गाव उठवून नवं वसवलं, असं मानायला माझी तयारी नव्हती.

विष्ठेच्या नमुन्यात जंतूंबरोबर थोडा माणसाचाही डीएनए येतो, आतड्याच्या झडलेल्या पेशींचा. तो आम्ही पहिल्याच पायरीला गाळून बाजूला ठेवतो आणि ती फाइल उघडत नाही. त्यात माणसाची ओळख दडलेली असते. लाओबानना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल तपासण्यापुरतं बघ, बाकी काही नाही. बघायला पाच मिनिटं लागली. आयींच्या डब्यात वाय गुणसूत्र होतं, आणि तेही अगदी ठळक.

कुणीच हसलं नाही. पहिला संशय आमच्यावरच: नळीवरची चिकटपट्टी चुकली असेल. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून रॅक काढला, बारकोड जुळवले. नोंद बरोबर होती. म्हणजे डबा आला तोच असा.

दुपारी चारला मी आणि आमची पीएचडीची विद्यार्थिनी वसाहतीत गेलो. आयी शांघायची बोली बोलतात; माझी मँडरिन तिथे अर्ध्यावरच दम तोडते. चहा आला, कलिंगड आलं. विषय काढायचा कसा? विद्यार्थिनीने हुशारीने सुरुवात केली: त्या दिवशी सकाळी तब्येत बरी होती ना?

आयींनी कलिंगडाची बी हळूच बशीत टाकली. आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे काका टीव्हीवर बुद्धिबळ बघत होते.

“दोन दिवस झालंच नव्हतं मला,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्याकडून फोन आला होता, साडेआठला गाडी येणार, थांबणार नाही. खाली सगळ्याजणी डबे घेऊन उभ्या. मी एकटी रिकाम्या हाताने कशी जाऊ?”

तो फोन आमच्या लॅबमधूनच गेला होता. सूचनापत्रकात ‘त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी चालेल’ असं स्वच्छ लिहिलं होतं, पण ते अकराव्या पानावर, आणि फोनवर ते कुणी सांगितलं नव्हतं.

“मग यांना म्हटलं, तुम्ही जा,” आयी म्हणाल्या. “यांचं घड्याळासारखं असतं.”

विद्यार्थिनीने ओठ चावला. मी वहीत बघत राहिले. नमुना बाद झाला, एवढंच. पण आयींना वाटलं आम्ही रागावलो. त्यांनी घाईघाईने आमची समजूत काढली: “अगं, तसा काही फार फरक नाही. पेज तेसुद्धा खातात की! रोज अर्धा डबा त्यांना देते. एकटीला एवढी कुठे जाते? आणि टाकायची कशी?”

आयींच्या आहारवहीत रोजच्या रोज ‘पूर्ण डबा’ असं टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. काकांचा नमुना बाद करणं सोपं होतं, एक ओळ खोडली की झालं. पण सगळ्यांनाच अर्धी पेज द्यायला घरी कुणीतरी असेल तर? आमच्या यादीत नवरा, बायको किंवा नातू घरात नसलेलं माणूस शोधावं लागलं असतं. आहारावरचे अभ्यास वाचताना मला तेव्हापासून आकड्यांआधी हे दिसतं. झाओंच्या गटाचा २०१८ चा मधुमेहाचा अभ्यास घ्या. ८४ दिवसांनी तंतुमय आहाराच्या गटात ८९ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सातच्या खाली, दुसऱ्या गटात ५० टक्के लोकांची. फरक मोठा आहे आणि काम मला पटतं. पण दोन्ही गट अकार्बोज घेत होते, आणि ती गोळी स्वतःच पिष्टाचं पचन रोखून ते खाली जंतूंकडे पाठवते. शिवाय धान्यं, औषधी खाद्यं आणि वेगळे दिलेले तंतू, सगळं एकाच ताटात. कसईने किती केलं आणि कारल्याने किती, हे त्या ताटातून वेगळं काढता येत नाही. चिनी वैद्यालाही ते वेगळं काढायचं नसतं म्हणा. त्याच्या लेखी पेज ही पेजच.

निघताना आयींनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणला.

“यांचं कसं आलंय? चांगलं का?”

चांगलं होतं. फारच चांगलं होतं. पण काकांची संमती आमच्याकडे नव्हती, त्यामुळे मला सांगता येत नव्हतं. मी नुसती मान हलवली, ना हो ना नाही अशी. आयींनी त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे. जिना उतरताना त्यांचा आवाज वरून ऐकू आला, बोलीत, मोठ्याने. मला कळेना, म्हणून विद्यार्थिनीला विचारलं.

“म्हणतायत, उद्यापासून तुम्हाला पेज नाही.”