टेस्टिंगचे आकडे वाचायला शिकताना: माझा अनुभव

मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेचा, हंगाम माझ्यासाठी पहिल्या शर्यतीच्या रविवारी सुरू होत नाही. तो फेब्रुवारीतल्या टेस्टिंगला, म्हणजे संघ नव्या गाड्या चालवून बघतात तेव्हा, सुरू होतो. गेली काही वर्षं त्यासाठी मी एक साधी रेघांची वही ठेवतो. २०२७ च्या हंगामाची तयारी म्हणून ती पुन्हा उघडली, तेव्हा लक्षात आलं की तिच्यातलं बरंचसं आता उपयोगाचं उरणार नाही. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच. जे शिकायला मला चार हिवाळे लागले, ते कुणाला एका हिवाळ्यात जमलं तर चांगलंच आहे.

सुरुवात झाली २०२२ मध्ये. फेब्रुवारीत इंडोनेशियातल्या मंडालिकाच्या नव्या कोऱ्या सर्किटवर तीन दिवस टेस्टिंग झालं आणि त्यात सगळ्यात वेगवान ठरला होंडाचा रायडर पोल एस्पार्गारो. सर्किटच्या एका वळशाची, म्हणजे लॅपची, वेळ १ मिनिट ३१.०६० सेकंद. होंडाने त्या वर्षी गाडी मुळापासून नवी बांधली होती आणि मागच्या चाकाला तिची पकड छान दिसत होती. पुढे कतारच्या पहिल्या शर्यतीत पोल तिसरा आला. आता मंडालिका त्याचंच, असं मी वहीत ठसठशीत लिहून ठेवलं.

मार्चमध्ये तिथे प्रत्यक्ष शर्यत झाली तेव्हा होंडाच्या फॅक्टरी (कंपनीच्या स्वतःच्या) संघाचे दोन्ही रायडर, पोल आणि मार्क मार्केझ, पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात अडकले. रविवारी सकाळच्या वॉर्म-अपमध्ये (शर्यतीआधीच्या छोट्या सरावात) मार्क मार्केझ गाडीवरून हवेत फेकला गेला, डोक्याला मार लागल्याने शर्यतीला मुकला, आणि आधीही झालेला दुहेरी दिसण्याचा त्रास परत उलटला. पावसात भिजलेली शर्यत मिगेल ऑलिव्हेराने जिंकली. पोल बारावा आला.

मला वाईट वाटलं ते अंदाज चुकल्याचं नाही, तो का चुकला हे कळत नव्हतं त्याचं. दोन-तीन दिवस मी त्या टेस्टिंगचंच वाचत बसलो होतो. उत्तर टायरमध्ये सापडलं. तिथल्या उष्णतेत मागचा टायर टिकेना म्हणून सगळ्यांना टायर पुरवणाऱ्या मिशेलिनने शर्यतीसाठी अधिक ताठ, उष्णता सोसणाऱ्या बांधणीचा मागचा टायर आणला होता. ज्या पकडीवर होंडाची नवी गाडी धावत होती, ती पकडच त्या टायरने काढून घेतली. मी लिहून ठेवलेला आकडा खरा होता, पण तो वेगळ्या टायरवरचा होता आणि माझ्या वहीत टायरसाठी रकानाच नव्हता.

तेव्हापासून रकाने वाढवत गेलो.

सगळ्यांच्या तोंडी असते ती टेस्टिंगची यादी, म्हणजे प्रत्येक रायडरची सर्वांत वेगवान एक लॅप. खरं वाचण्यासारखं असतं ते लॅपनिहाय तक्त्यात. तिथे रायडरच्या नावाखाली त्याचा एकेक रन असतो, म्हणजे पिटमधून (संघांच्या गॅरेजच्या जागेतून) निघून परत येईपर्यंतच्या सलग लॅप. रनच्या डोक्यावर पुढचा टायर कोणता, मागचा कोणता, नवा की आधी किती लॅप चाललेला. खाली एकेका ओळीत लॅपची वेळ, सर्किटच्या चार भागांच्या, म्हणजे सेक्टरच्या, वेळा आणि स्ट्रेटवरचा (सरळ पट्ट्यावरचा) वेग. पिटमध्ये शिरलेल्या लॅपपुढे पी हे अक्षर, रद्द झालेल्या लॅपपुढे तारा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मुंग्यांची रांग वाटली होती. पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा ती रांग बोलायला लागली.

माझी पद्धत अशी बसत गेली. पिटमधून निघतानाची लॅप खोडायची, परत येतानाची खोडायची. मध्येच कुणी वाट अडवल्याने दोन-तीन सेकंद हळू गेलेली असेल तर तीही खोडायची. उरलेल्या सलग लॅप बारापेक्षा कमी असतील तर त्या रनला हात लावायचा नाही. बारा किंवा जास्त असतील तर चौथी ते सहावी लॅप एका बाजूला, दहावी ते बारावी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींतला फरक लाल शाईने. हा फरक म्हणजे टायर किती उतरला. टायर जास्त ढासळल्याने एक गाडी दुसरीपेक्षा दर लॅपला सरासरी दोन दशांश सेकंद हळू गेली, तर वीस लॅपच्या शर्यतीत ती तफावत चार सेकंदांवर जाते. चार सेकंदांत पहिला येणारा सहज पाचवा होतो. सर्वांत वेगवान लॅपच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र तक्ता सांगत नाही, ती म्हणजे टाकीत पेट्रोल किती होतं. २२ लिटरची टाकी भरली की गाडीवर साधारण १६ किलो वजन चढतं. म्हणून मी रन केवढा लांब होता त्यावरून अंदाज बांधतो. पाच लॅपसाठी निघालेला कुणी टाकी भरून निघत नाही.

मग वेळेचा प्रश्न. मलेशियातल्या सेपांगला सकाळी डांबर थोडं गार असतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी जो तो सकाळीच नवा मऊ टायर घालून वेळ लावायला निघतो. दुपारी तेच डांबर तापतं आणि तेव्हा शर्यतीसारखे लांब रन होतात, मध्येच आभाळ भरून येतं ते वेगळंच. सकाळी दहाच्या लॅपची तुलना दुपारी दोनच्या लॅपशी करणं चुकीचं, हे मला २०२३ मध्ये पक्कं कळलं. त्या वर्षी सेपांगच्या यादीत लुका मारिनी सर्वांत वर होता, १ मिनिट ५७.८८९ सेकंद. यादी बघून अनेकांना नवा विजेता सापडल्यासारखं झालं. त्या वर्षभरात मारिनीला रविवारची एकही शर्यत जिंकता आली नाही आणि अजिंक्यपदाच्या क्रमवारीत तो आठवा राहिला. उलट पोर्तुगालमधल्या पोर्तिमाओला झालेल्या दुसऱ्या टेस्टिंगला डुकाटीचा फ्रान्सेस्को बान्याया सर्वांत वर होता, आणि तिथेच झालेल्या पहिल्या फेरीत त्याने शनिवारची स्प्रिंट (साधारण निम्म्या अंतराची छोटी शर्यत) आणि रविवारची शर्यत दोन्ही जिंकल्या. मोटोजीपीच्या इतिहासातली ती पहिलीच स्प्रिंट. वहीत मी तेव्हा चौकट केली: जिथे पहिली शर्यत आहे तिथल्या टेस्टिंगला दुप्पट वजन द्यायचं.

२०२५ ला या चौकटीची परीक्षा झाली. सेपांगला अ‍ॅलेक्स मार्केझ सर्वांत वेगवान. त्यानंतर थायलंडमधल्या बुरिरामला टेस्टिंग, आणि हंगामाची पहिली फेरीही तिथेच. बुरिरामला मार्क मार्केझ यादीत वर होता, पण मी बघत होतो त्याचा लांब रन. तिथे आकडे एकाखाली एक असे बसले होते की पेन्सिल टेकवायला जागा नव्हती. तो जिंकणार हे मी लिहिलं आणि तो जिंकला, स्प्रिंटही आणि शर्यतही.

तरी त्या शर्यतीने मला एक नवा धडा दिला. पुढे असलेला मार्क मध्येच गॅस सोडून भाऊ अ‍ॅलेक्सला पुढे जाऊ देतो, हे बघून मी खुर्चीतून उठलो होतो. गाडी बिघडली असंच वाटलं. कारण होतं पुढच्या टायरमधली हवा. पुढच्या टायरचा दाब किमान १.८० बार हवा, आणि रविवारच्या शर्यतीत निदान ६० टक्के लॅप तो त्यावर राहायला हवा, नाहीतर १६ सेकंदांचा दंड. एकटं पुढे धावताना समोरून थंड हवा लागते आणि दाब घसरतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की टायर तापतो आणि दाब चढतो. मार्क भावाच्या मागे राहून टायर तापवत होता. शेवटच्या काही लॅप उरल्यावर तो पुन्हा पुढे निघून गेला. टेस्टिंगमध्ये एकट्याने केलेला सुंदर रन हा शर्यतीतल्या गर्दीतला रन नसतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. दाब तक्त्यात दिसत नाही, म्हणून तेव्हापासून रन एकट्याने केला की कुणाच्या मागे, हे शक्य तिथे टिपून ठेवतो.

एवढं सगळं जमत आलं आणि आता २०२७ ला पाटी कोरी होते आहे.

इंजिन १००० सीसीवरून ८५० वर येतं. सिलिंडरच्या बोअरची (व्यासाची) मर्यादा ८१ मिलिमीटरवरून ७५. ही दुसरी संख्या वाचून मी वहीतच गणित मांडलं. चार सिलिंडर धरले तर १००० सीसीला पिस्टनचा स्ट्रोक (वरखाली सरकण्याचं अंतर) साधारण ४८.५ मिलिमीटर येतो आणि ८५० ला ४८.१. म्हणजे जवळजवळ तेवढाच! पिस्टनला तेवढंच अंतर कापायचं असेल तर इंजिन फिरण्याचा वेग फारसा उतरायचं कारण नाही, ताकद कमी होईल ती मुख्यतः क्षमता घटल्याने. कागदावरचा हा ताळा जमला त्या रात्री मला खूप आनंद झाला होता.

पण माझ्या वहीला त्याहून मोठा धक्का आहे तो राइड हाइट डिव्हाइसवर आलेल्या बंदीचा. वळणातून बाहेर पडताना गाडीचा मागचा भाग खाली बसवणारी ही यंत्रणा. मागून बसलेली गाडी पुढचं चाक सहजी उचलत नाही, त्यामुळे रायडर गॅस लवकर उघडू शकतो. सुरुवातीच्या झेपेसाठीची होलशॉटची यंत्रणाही जाते. म्हणजे वळणानंतरच्या सेक्टरमध्ये आता रायडरच्या मनगटाचा आणि मागच्या ब्रेकवरच्या पायाचा वाटा वाढणार. गेली काही वर्षं मी ज्या सेक्टरांत गाडी बघत होतो, तिथे आता माणूस बघायचा आहे, आणि मनापासून सांगतो, मी याचीच वाट बघत होतो.

त्यात टायरही मिशेलिनऐवजी पिरेलीचे. सुपरबाईक अजिंक्यपदात पिरेली २००४ पासून आहे, मोटो२ आणि मोटो३ या खालच्या वर्गांत २०२४ पासून. पण मोटोजीपीत माझ्या लाल शाईच्या सगळ्या आकड्यांच्या मागे मिशेलिन होता. ते आकडे मी फाडणार नाही, पण त्यांच्याशी नव्यांची तुलनाही करणार नाही. शर्यतीचं पेट्रोल २२ वरून २० लिटर, स्प्रिंटचं १२ वरून ११. गाडीचं किमान वजन १५७ वरून १५३ किलो. इंधन पूर्णपणे बिगर-खनिज. प्रत्येक सत्रानंतर सगळ्या रायडरांचा जीपीएस डेटा सगळ्या संघांना मिळणार, म्हणजे कोण कुठे ब्रेक लावतो हे गुपित राहणार नाही.

अशा वर्षी काय होऊ शकतं हे बघायला मी मागे गेलो. २००७ ला ९९० सीसीवरून ८०० वर उतरले तेव्हा केसी स्टोनरच्या नावावर मोटोजीपीतला एकही विजय नव्हता. त्या हंगामात डुकाटी आणि ब्रिजस्टोनच्या जोरावर त्याने १८ पैकी १० शर्यती आणि अजिंक्यपद जिंकलं. २०१६ ला ब्रिजस्टोन जाऊन मिशेलिन आला आणि एका हंगामात नऊ वेगवेगळे विजेते झाले. एका बदलाने एकालाच उचललं, दुसऱ्याने वाटून टाकलं. या वेळी इंजिन, टायर आणि यंत्रणा तिन्ही एकदम बदलत आहेत.

नव्या वहीचं पहिलं पान मी आखून ठेवलं आहे. डावीकडे रायडर, मग रनची वेळ, पुढचा टायर, मागचा टायर, त्यावर आधी झालेल्या लॅप, चौथी ते सहावी, दहावी ते बारावी, एकटा की मागे. विजेत्याच्या अंदाजासाठी पूर्वी वरती एक मोठा चौकोन असायचा, तो या वेळी आखलेला नाही. पहिल्या टेस्टिंगला पहिला माणूस पिरेलीवर सलग बारा लॅप पूर्ण करील, तेव्हा त्याचं नाव पहिल्या ओळीत जाईल. लाल पेन शेजारीच ठेवलं आहे.