बिनतिकिटाचं पुणं

महिनाअखेर, त्यात भाची सुट्टीला आलेली. म्हटलं, चल, आज बिनतिकिटाचं पुणं बघू.

आधी नारायण पेठेतला केसरीवाडा. आपण गणपतीत इथे दर्शन घेतो आणि तसेच बाहेर पडतो. आतल्या टिळक संग्रहालयात पाय टाकणारे किती? मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीत, स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा इथे जपलाय. भाची काचेला नाक लावून, "मामा, हा खरा तोच?" तोच गं बाई. तिथून तिला हलवता हलवता माझी पुरेवाट झाली.

मग रिक्षाने गंज पेठ, फुले वाडा. (रिक्षाचे पैसे मात्र पडले.) १८६८ मध्ये जोतिबांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे शाळेत पाठ केलेलं. पण अंगण एवढं लहान, घरगुती असेल असं वाटलं नव्हतं. तुळशी वृंदावनाशी त्यांची समाधी आहे.

केळकर संग्रहालयाला तिकीट आहे, आणि ते खुशाल असू दे. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने दिनकररावांनी जमवलेले दिवे, अडकित्ते, वाद्यं... १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. त्याला अर्धा दिवस हवा. पुढच्या रविवारी जातोय, कोण कोण येतंय?