साल

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईनं माळ्यावरची ट्रंक साफ करायला खाली काढली आणि तिच्यात आज्जाची वही निघाली. लाल कापडी पुठ्ठा, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आतलं अक्षर मात्र अजून टकटकीत. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, तेव्हा घरी भातशेती, दोन बैलजोड्या आणि एक सालगडी. त्याचं नाव इथं लिहीत नाही, नातवंडं गावातच आहेत.

वहीत दर गुढीपाडव्याला नवीन पान. वर 'साल ठरले रोख रु. 180', त्याखाली भात किती पोती ते, धोतरजोडी एक, घोंगडं एक, पायताण एक जोड. मग मागील बाकी 31. मग उचल, जत्रेला 10, पोरीच्या लग्नाला 150, बायकोच्या दुखण्याला 20. आणि उजव्या अंगाला खाडे, तारखेसकट. 'ताप, 3 खाडे.' 'सासरा वारला, 2 खाडे.' वर्षाचे 24 खाडे, आठ आण्यानं 12 रुपये. पानाच्या तळाला 'बाकी येणे रु. 43, पुढील सालात' आणि त्याच्याखाली निळा अंगठा. मी मोबाईलवर बेरीज करून बघितली, बरोबर आहे. वर्षभर माणूस राबला आणि शेवटी 12 रुपये आणखी देणं लागला.

अशी अकरा पानं आहेत. बाराव्या पानावर नाव बदललंय, पोराचं आहे, आणि पहिली ओळ 'वडिलांची बाकी'. अंगठा आता लहान.

आमच्याकडं सीमेवर दोन्ही भाषा कानावर असतात, मराठीत साल म्हणजे वर्ष आणि कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. सालगडी हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय पण त्यातला दुसरा अर्थ ही वही हातात घेईपर्यंत कधी मनात आला नव्हता.

त्याच आठवड्यात मी अमेरिकेतल्या गुलामगिरीनंतरच्या काळावर वाचत होतो म्हणून कदाचित हे जास्त लागलं. आपल्या सगळ्यांना शाळेपासून एवढं माहीत असतं की लिंकननं गुलामांना मुक्त केलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्याच सदाचारी लोकांना अर्पण केली, आपल्याकडंही असं व्हावं म्हणून. ती अर्पणपत्रिका वाचून आजही अंगावर काटा येतो. पण मुक्त केल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस उठून गेला कुठं, जेवला काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

19 जून 1865 ला टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनला लष्करी हुकूम वाचून दाखवला की सगळे गुलाम मोकळे झाले. त्याच हुकमात पुढं हेही आहे की मोकळ्या झालेल्यांनी आहे त्या घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, रिकामं बसलात तर पोसणार नाही. म्हणजे मोकळं झालास, आता तिथंच थांब. त्या वर्षाच्या शेवटी तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल ही फट त्यातच ठेवली, आणि मिसिसिपी राज्यानं काय केलं बघा, 1865 मध्येच कायदे केले की काळ्या माणसानं दर जानेवारीत कामाचा कागद दाखवायचा, कामाशिवाय सापडला तर तो भटक्या म्हणून गुन्हेगार, 50 डॉलरपर्यंत दंड, आणि पाच दिवसात दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडं त्याला कामाला लावायचं. वर्षाचा करार मध्येच सोडला तर तोवर कमावलेली त्या वर्षाची मजुरी गेली, आणि पळाला तर कुणीही धरून परत आणावं. शहराबाहेर जमीन खंडानं घ्यायलाही बंदी.

जानेवारी ते जानेवारी. आमच्याकडं पाडवा ते पाडवा.

मला माहितीय की या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तिकडं माणसं बाजारात विकली, पोरं आईपासून तोडली, चाबूक, साखळदंड. आज्जानं त्या गड्यावर कधी हात उगारला नाही असं गावात सगळे सांगतात आणि मला ते खरं वाटतं. पण वही बघितल्यावर कळतं की हात उगारायची गरजच नव्हती, बाकी होती ना.

जमिनीचंच घ्या. जानेवारी 1865 मध्ये लिंकनच्या फौजेतल्या जनरल शर्मननं दक्षिणेतल्या किनाऱ्यालगतची सुमारे 4 लाख एकर जमीन मोकळ्या झालेल्या कुटुंबांना 40-40 एकरानं देण्याचा हुकूम काढला होता, लोकांनी तिथं पेरणीही केली, आणि वर्ष संपायच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. मग राहिलं काय, मालकाचीच जमीन वाट्यानं कसायची, बी-बियाणं नि खाणंपिणं पिकाच्या तारणावर उधार, हंगामाला हिशोब, आणि हिशोब लिहिणार मालक. ब्रिटिशांनी तर 1834 मध्ये आपल्या वसाहतींमधले गुलाम मोकळे करताना 2 कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, आणि गुलामांना 'अप्रेंटिस' नाव देऊन 1838 पर्यंत त्याच मालकांकडं राबवलं! चाळीस वर्षं कातडी सोलली गेलेला माणूस शिकाऊ उमेदवार, यावर काय बोलायचं.

आमच्याकडं कर्नाटकात 1974 मध्ये जमीन सुधारणा आल्या, कसेल त्याची जमीन, फॉर्म नंबर 7 भरून आमच्या भागातली कितीतरी कुळं मालक झाली, मला त्याचा अभिमान आहे. पण सालगडी कूळ नव्हता. तो घरचा माणूस, त्याचा खंड नाही, पावती नाही. ज्यानं वर्षानुवर्षं तेच शेत नांगरलं त्याच्याकडं त्या फॉर्ममध्ये लिहायला काही नव्हतं.

आणि आमच्याच जंगलातले सिद्दी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे वंशज, पळून घाट चढून हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या रानात शिरलेले. त्यांनी कुणाच्या हुकमाची वाट बघितली नाही, स्वतःचं स्वातंत्र्य स्वतः पायानं मिळवलं. पुढं रानाला मालक सरकार झालं आणि हे तिथंही परके ठरले. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला, आणि रान तेच, नातीगोती तीच, पण बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्यांना त्यासाठी 2020 उजाडलं. मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. सीमेवर वाढलेल्या माणसाला ही हद्द काय चीज असते हे वेगळं सांगायला नको.

वहीचं शेवटचं पान 1975 च्या पाडव्याचं. ऑक्टोबरमध्ये वेठबिगारीविरोधी वटहुकूम आला, 1976 मध्ये त्याचा कायदा झाला, असली सगळी कर्जं रद्द. त्या पानाला तळाची ओळ नाही, अंगठा नाही, मला वाटलं चला, सुटला. आईला विचारलं. ती तेव्हा नवीन लग्न होऊन घरात आलेली.

"मामांनी त्याला ओसरीवर बसवून सांगितलं की, तुझी बाकी नाही आता, सरकारनं सोडली म्हणून," ती म्हणाली. "तो नुसता बसला. चहा प्याला आणि गेला."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी उजाडायला गोठ्यात आला, शेण काढायला. जागा तरी कुठली होती त्याला, झोपडी आपल्याच खळ्याच्या कडेला."

वही मी घेऊन आलोय. त्याचा नातू यंदा ऊसतोडीला गेलाय, बायकोला घेऊन, कोयत्यावर उचल घेतलीय. परवा फोनवर त्याला विचारलं की कधी येणार. म्हणाला, "अण्णा, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर मुकादम हिशोब करतोय बघा, फिटली तर पाडव्याला."