कागदावरची फुली आणि दहा डिग्री

कॉलेजच्या लॅबमधला हा एक प्रयोग मला अजून आठवतो. कागदावर पेनने फुली मारायची, तिच्यावर काचेचं बीकर ठेवायचं, त्यात सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, वरून हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की स्टॉपवॉच चालू. आधी काहीच होत नाही, वाटतं झालं, चुकलं आपलं, आणि मग पाणी हळूहळू गढूळ, पिवळट व्हायला लागतं कारण गंधकाचे बारीक कण सुटत असतात, आणि बघता बघता फुली गायब. हेच द्रावण दहा डिग्री जास्त गरम घेतलं तर वेळ जवळपास निम्मा.

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, असं का? मी लगेच ठोकून दिलं, रेणू जोरात पळतात म्हणून जास्त आपटतात. त्या म्हणाल्या, बरं, किती जास्त? मी गप्प.

घरी येऊन गणित केलं तर गंमतच. २५ वरून ३५ डिग्री म्हणजे केल्विनमध्ये (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून) २९८ वरून ३०८, आणि रेणूंचा वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही! मग दुप्पट कुठून आलं?

तर नुसतं आपटून भागत नाही. स्वांते अऱ्हेनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलं ते हेच, की रिॲक्शन व्हायला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो, बाकीचे रेणू आपटून नुसते परत फिरतात. तापमान थोडंसं वाढलं तरी उंबरठ्यापलीकडे जाणाऱ्या मोजक्या रेणूंची संख्या भराभर वाढते. उंबरठा साधारण ५० किलोज्यूल प्रति मोल असला की दहा डिग्रीला दुप्पट हा हिशोब बसतो, उंबरठा वेगळा तर आकडाही वेगळा, त्यामुळे 'दहा डिग्रीला दुप्पट' हा नियम म्हणून पाठ करू नका प्लीज.

ॲसिड जास्त तीव्र, म्हणजे कमी पाण्याचं घेतलं की टकरी वाढतात, घन पदार्थाची पूड केली की आपटायला जागा वाढते, हे सोपं आहे. खिळा पेटत नाही पण लोखंडाचा बारीक कीस पेटतो, तो ह्याचमुळे.

उत्प्रेरकाचं, म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचं, मात्र मला जास्त कौतुक. हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीत निवांत पडलेलं असतं, त्यात मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर काळी पूड टाकली की लगेच फसफसून ऑक्सिजन सुटतो. तापमान आपण वाढवलेलं नसतं, फक्त कमी उंचीच्या उंबरठ्याची दुसरी वाट मिळालेली असते. आणि शेवटी गाळून, वाळवून वजन केलं तर पूड जेवढी टाकली तेवढीच.