चुनखडीच्या मातीतला बाल्ड सायप्रस

डिसेंबर सरत आला की आमच्या सोलापूरच्या रोपवाटिकेत येणारी माणसं हमखास एका टबापाशी थांबतात. “ताई, हे वाळलंय की ओ,” असं कुणीतरी म्हणतंच. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तर त्या झाडावर नावालासुद्धा हिरवं उरत नाही. जिल्ह्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आलेली शेतकरी मंडळी फांदी वाकवून बघतात आणि मान हलवून पुढे जातात.

ते वाळलेलं नाही. ते बाल्ड सायप्रसचं झाड आहे. शास्त्रीय नाव टॅक्सोडियम डिस्टिकम. सरूच्या कुळातलं, म्हणजे सूचिपर्णी, पण थंडीत पानं गाळणारं. सूचिपर्णी झाडं बारमाही हिरवी असतात असं आपण शाळेत शिकतो आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं आहे. हे मोजक्या अपवादांपैकी एक. याची पानगळही वेगळी असते. बारीक काडीच्या दोन्ही अंगांना सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची मऊ, चपटी पानं ओळीने बसलेली असतात. ती एकेक करून गळत नाहीत. अख्खी काडीच आधी पिवळट, मग विटकरी होते आणि पानांसकट सुटून खाली येते. आमचे मल्लूअण्णा सकाळी झाडलोट करताना त्या काड्या वेगळ्या पाटीत भरतात आणि अबोलीच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून पसरतात. महाशिवरात्रीच्या सुमारास उघड्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पोपटी कोंब दिसायला लागतात. हात लावला तर इतके मऊ लागतात की हे सूचिपर्णी झाड आहे यावर विश्वास बसत नाही.

रोप मला पुण्यातल्या बोन्साय करणाऱ्या एका बाईंकडून मिळालं. बोन्साय करण्याची मला आवड नाही, मला झाड झाडासारखं वाढलेलं आवडतं. त्यामुळे ते मोठ्या टबात गेलं, आणि मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचण्याचा मला नादच लागला.

याचं मूळ घर अमेरिकेच्या आग्नेय भागात. लुइझियाना, फ्लोरिडा, टेक्सासचा पूर्वभाग, मिसिसिपी नदीचं खोरं. लुइझियानाचा तर तो राज्यवृक्ष आहे. तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापूर जिल्ह्यात साडेपाचशेच्या आसपास. नद्यांचे जुने फाटे, दलदली, संथ पाण्याची तळी, आणि त्यात तीस-चाळीस मीटर उंच उभी राहिलेली ही झाडं. बुंधा पाण्यालगत पसरून घागऱ्यासारखा रुंद झालेला असतो. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवर कॅडो नावाचं सरोवर आहे, त्याचे फोटो बघाच.

पाण्यात उभ्या झाडाभोवती जमिनीतून सुळके वर येतात. तिकडे त्यांना गुडघे म्हणतात. ते मुळांपासूनच फुटतात, काही ठिकाणी माणसाच्या कमरेला लागतील एवढे होतात. कोकणात तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेली श्वसनमुळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वाटेल, हेही तेच. पण तिवराच्या मुळांवर हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात, या गुडघ्यांवर तशी नसतात. गुडघे कापून टाकले तरी झाडाचं फारसं बिघडत नाही, असंही दिसून आलं आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की चिखलात पाय घट्ट रोवायला त्यांचा उपयोग होत असावा. उलट अलीकडच्या एका प्रयोगात गुडघा उघड्या हवेत असला की मुळांपर्यंत ऑक्सिजन जास्त पोचतो, असं आढळलं. वाद मिटलेला नाही. माझ्या टबात गुडघे नाहीत आणि इतक्यात येणारही नाहीत. कुणी “गुडघे आलेलं रोप” म्हणून विकायला लागलं तर दोनदा विचार करा.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते याच्या जन्माच्या गोष्टीने. पाण्यात उभं राहणाऱ्या या झाडाचं बी पाण्याखाली रुजत नाही. ते पाण्यावर तरंगत जातं, पण रुजायला त्याला ओली, उघडी जमीनच लागते. रुजल्यावरही कोवळं रोप वाढीच्या दिवसांत काही आठवडे पूर्ण बुडालं तर मरतं. पाणी ओसरलेलं वर्ष यावं, बी रुजावं आणि पुढचा पूर येईपर्यंत रोपाचा शेंडा पाण्याच्या वर पोचलेला असावा, एवढं सगळं जुळून आलं तरच झाड होतं. म्हणजे त्या दलदलीतलं प्रत्येक मोठं झाड कुठल्यातरी उघडिपीच्या काळात जन्मलेलं आहे.

मग ते पाण्यातच का राहतं? कारण कोरड्या, सुपीक जमिनीवर भराभर वाढणारी दुसरी झाडं त्याच्या रोपांना सावलीत दाबून टाकतात. पाण्यात त्या झाडांचा निभाव लागत नाही, याचा लागतो. स्पर्धा काढून टाकली तर हे झाड साध्या जमिनीवर उत्तम वाढतं. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत ते रस्त्याच्या कडेला, पदपथात लावलेलं आहे. इंग्लंडमध्ये ते सतराव्या शतकातच नेलं गेलं आणि तिथल्या उद्यानांत आजही आहे.

जिवंत राहण्याची त्याची ताकद अफाट आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लॅक नावाची नदी आहे. तिथल्या एका बाल्ड सायप्रसचं वय किमान २,६२४ वर्षं असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्कान्सा विद्यापीठातले डेव्हिड स्टॅल आणि त्यांचे सहकारी यांनी झाडाला धक्का न लावता बारीक नळीने खोडातला गाभा काढून वर्षागणिक पडलेली वाढीची कडी मोजली. म्हणजे ते झाड गौतम बुद्धांच्या आधीपासून उभं आहे. आणि ते काही आडदांड नाही. पोकळ, वाकडंतिकडं, शेंडा मोडलेलं. बहुधा त्यामुळेच वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची चाळीस-पन्नास वर्षं या झाडांची प्रचंड तोड झाली, कारण जुन्या झाडाचं लाकूड सहजासहजी कुजत नाही. ओलं खोड पाण्यात बुडतं, म्हणून आधी साल गोल काढून झाड उभ्या उभ्या वाळवायचे आणि मग तोडून पाण्यावरून वाहून न्यायचे. सरळसोट होती ती गेली, पोकळ होती ती राहिली.

याच कड्यांतून दुष्काळ वाचता येतो. पाऊस कमी पडला की त्या वर्षाचं कडं अरुंद. १५८७ मध्ये इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रोआनोक बेटावर वस्ती केली. १५९० मध्ये जहाज परत आलं तेव्हा तिथे एकही माणूस नव्हतं. १९९८ मध्ये स्टॅल यांच्याच गटाने त्या भागातल्या सायप्रसच्या कड्यांवरून दाखवलं की १५८७ ते १५८९ ही तीन वर्षं आठशे वर्षांतली सगळ्यात कोरडी होती. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ काम बाजूला ठेवून बसले होते. आमच्या घरात अजूनही एखाद्याचं वय सांगताना “बहात्तरच्या दुष्काळाआधीचा” म्हणतात. सुकडी खाऊन आणि खडी फोडून दिवस काढलेली माणसं आता थोडी उरली. त्या वर्षाचं अरुंद कडं इथल्याही एखाद्या जुन्या झाडाच्या पोटात असेल.

आता सोलापूरचं बोलू. सगळ्यांना वाटतं इथे या झाडाची अडचण पाण्याची होणार. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात दलदलीतलं झाड कशाला, असं मलाही तोंडावर विचारलं गेलं. पण टबातल्या झाडाला लागणारं पाणी काही फार नसतं. खरी अडचण चुन्याची आहे. आपल्या मातीचा एक खडा घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. फसफसला, तर समजा चुनखडी. सामू (पीएच) आठच्या वर. बोअरचं पाणीही तसंच जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर बसवणारं. अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही, आणि मुळांना ते उचलता येत नाही. उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी पडतात, ती याच कारणाने. बाल्ड सायप्रसही याबाबतीत नाजूक आहे. नवी पालवी हिरवी व्हायच्या ऐवजी फिकट पिवळी, जवळजवळ पांढरी निघते आणि मेच्या उन्हात तिची टोकं करपतात.

म्हणून मी त्याला लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत एवढंच देते. इथली काळी माती मुठीभरसुद्धा नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी टाकीत साठवते आणि ते मुख्यतः याच्यासाठी राखते. ते संपलं की बोअरचं पाणी द्यावंच लागतं, तेव्हा अधूनमधून चिलेटेड लोह (विरघळलेलंच राहणारं लोह), नाहीतर हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) पातळ द्रावण लिंबू पिळून पानांवर फवारते. एप्रिल-मेमध्ये टब शेडनेटखाली, आणि मातीवर चार बोटं पाणी उभं. त्यात गप्पी मासे सोडले आहेत, म्हणजे डासांची काळजी नको. एवढं केलं की झाड चांगलं चालतं.

ज्यांना एवढा खटाटोप नको आणि जमिनीतच लावायचं आहे, त्यांनी याचा मेक्सिकोतला भाऊबंद शोधावा. मॉन्टेझुमा सायप्रस. तो मेक्सिकोचा राष्ट्रीय वृक्ष आहे. उष्णता, कोरडी हवा आणि चुन्याची माती तो पुष्कळ जास्त सोसतो, आणि जवळजवळ वर्षभर हिरवा राहतो, त्यामुळे गिऱ्हाइकाचा जीवही घाबरा होत नाही. ओआहाका राज्यात सांता मारिया देल तुले नावाच्या गावात चर्चच्या आवारात याचं एक झाड आहे. त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे ४२ मीटर आहे. ती अनेक झाडं एकत्र वाढलेली असावीत अशी शंका होती, पण डीएनए तपासणीत एकच झाड निघालं. खुद्द बाल्ड सायप्रसमध्येही टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांत, ग्वादालूपे नदीकाठी वाढणारी झाडं चुना जास्त सोसतात. रोप घेताना बी कुठल्या भागातलं, हे विचारायला हवं ते यासाठी.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. कंबर तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एक काका मोबाइल घेऊन आले. चीनमधल्या एका तळ्याचा व्हिडिओ होता. पाण्यात उभी तांबूस झाडं, मधून होडी जाते आहे. “ताई, असं आपल्या तलावात करायचं. आणि उजनीच्या काठानं पण. रोपं तुम्ही करून द्या.” काकांचा उत्साह खरा होता आणि पैसे गोळा करायचीही त्यांची तयारी होती. मी नाही म्हटलं.

चीनने यांगत्सी नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या काठावर बाल्ड सायप्रसची झाडं लावली आहेत हे खरं. तिथे पाण्याची पातळी वर्षात १४५ ते १७५ मीटरमध्ये खालीवर होते, आणि त्या पट्ट्यात दुसरं फारसं काही टिकत नाही. पण तिथे धरण भरलेलं असतं हिवाळ्यात. तेव्हा झाड पानं गाळून झोपलेलं असतं, मग बुडालं तरी त्याचं भागतं. उन्हाळ्यात ते पाण्याबाहेर येतं आणि पावसाच्या ओलाव्यावर वाढतं. उजनीचं याच्या उलटं. आपलं धरण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं, म्हणजे झाड जोरात वाढत असताना रोप बुडणार. आणि त्याला पालवी फुटून पाण्याची खरी गरज लागते त्या एप्रिल-मेमध्ये उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यावर, गेलेली असते, पाणी कितीतरी आत सरकलेलं आणि काठाच्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा. त्यातून माती चुनखडीची. लाखो रुपये खर्चून पिवळी पडलेली रोपं बघायची वेळ येईल.

रोपं जगली असती तरी मी आग्रह धरला नसता. तलावाचा काठ हा पक्ष्यांचा आहे. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन यांच्यावर किती किडे, किती फळं, किती घरटी असतात ते सकाळी फिरणाऱ्यांनी रोज पाहिलं आहे. नव्याने आणलेल्या झाडाशी त्या जिवांची ओळख व्हायला फार काळ जातो. एखादं झाड हौसेने लावावं, जपावं, लोकांना दाखवावं. पण अख्खा काठ त्याच्या स्वाधीन करू नये, असं मला मनापासून वाटतं.

पाण्यात पाय बुडवून उभं राहणारं झाडच हवं असेल तर आपल्याकडे वाळुंज आहे. नदीकाठी आपोआप उगवणारं, फांदी रोवली तरी मुळं फुटणारं, पूर येऊन गेला की पुन्हा पालवणारं. आता ते कमी दिसतं, कारण काठ उकरले गेले आणि मोकळ्या जागेत विलायती बाभूळ शिरली. काकांना मी हेच सांगितलं. ते थोडे हिरमुसले. मग त्यांनी विचारलं, वाळुंजाची किती रोपं होतील?

छाट्या पिशव्यांमध्ये लावून झाल्या आहेत. दोनेक पाऊस चांगले झाले की रोपं न्यायला यायचं, तोवर खड्डे काढून ठेवायचे, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याची नावं आत्ताच ठरवायची, एवढं काकांशी बोलणं झालं आहे. बाल्ड सायप्रस बघायचा असेल तर कधीही या, सध्या पूर्ण हिरवा आहे.